ऑनलाइन सरकारी शाळा : घरच्यांच्या वाट्याला नेमके काय येते? (फ्लोरिडा आणि इतर राज्ये)

मृदुला_ओरलँडो

नमस्कार मंडळी,

आम्ही ओरलँडोजवळ राहतो. येत्या ऑगस्टमध्ये मुलगी सहावीत जाईल आणि मुलगा दुसरीत. मुलीला दम्याचा त्रास आहे व गेल्या हिवाळ्यात तिची शाळा वरचेवर बुडाली. त्यातच साताऱ्याला सासूबाईंची प्रकृती ढासळली असल्यामुळे पुढच्या हिवाळ्यात आम्हाला दोन-अडीच महिने तिकडे जाऊन राहावे लागेल, असे दिसते. या दोन कारणांनी घरात ऑनलाइन सरकारी शाळेचा विचार सुरू झाला आहे. माहितीपत्रके वाचून झाली, संकेतस्थळेही पाहिली. पण सकाळी आठ ते दुपारी तीन या वेळात घरात प्रत्यक्ष काय चालते आणि त्यातले किती आईवडिलांना करावे लागते, याचा अंदाज त्यांवरून येत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. ही शाळा खरोखर सरकारी असते का, म्हणजे फी, शिक्षक, परीक्षा आणि शेवटचे प्रमाणपत्र या सर्व बाबतींत ती नेहमीच्या शाळेच्या बरोबरीची असते का? मी घरून अर्धवेळ काम करते आणि यजमान रोज कार्यालयात जातात. अशा घराला दोन मुलांची ऑनलाइन शाळा झेपते का? मुलाला शाळेत स्पीच थेरपी मिळते. ती चालू राहते की बंद पडते? आणि ज्या प्रश्नामुळे हा धागा काढला तो शेवटचा : साताऱ्याला असताना मुलांनी तिथूनच शाळेत हजर राहिले, तर ते चालते का?

ज्यांनी स्वतः हे केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

अनघा_टॅम्पा

मृदुलाताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल १९९७ साली सुरू झाली आणि संपूर्ण राज्यासाठी इंटरनेटवरून चालणारी ती अमेरिकेतील पहिली सरकारी शाळा मानली जाते. फ्लोरिडात राहणाऱ्या मुलांना तेथे फी नाही, शिक्षकांकडे राज्याचे प्रमाणपत्र असते आणि अभ्यासक्रम राज्याने ठरवलेल्या मानकांनुसार चालतो. मात्र आपल्याकडच्या मंडळींच्या बोलण्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात, आणि पुढचे सगळे नियम त्या फरकावर अवलंबून असल्यामुळे तो आधी नीट समजून घ्यायला हवा.

एक म्हणजे फुल टाइम. यात मुलाचे नाव जवळच्या शाळेतून निघते आणि ऑनलाइन शाळा हीच त्याची शाळा होते. शालेय वर्षाचे वेळापत्रक, हजेरी, प्रगतिपुस्तक, राज्याच्या चाचण्या आणि बारावीनंतरचा हायस्कूल डिप्लोमा हे सगळे तिच्याकडूनच होते. दुसरा प्रकार फ्लेक्स. यात मूल नेहमीच्या शाळेत, खाजगी शाळेत किंवा होम एज्युकेशनमध्ये नोंदलेले असते आणि एखाद-दुसरा विषय येथे घेते. ज्या-त्या मुलाच्या वेगाने विषय पुढे सरकतो, पण फ्लेक्सकडून डिप्लोमा मिळत नाही. तिसरा पर्याय काउंटीच्या व्हर्च्युअल शाळेचा. तुमच्या ऑरेंज काउंटीची अशी शाळा आहे आणि ती फ्लोरिडा व्हर्च्युअलचाच अभ्यासक्रम स्थानिक शिक्षकांकरवी चालवते. होम एज्युकेशन हा प्रकार कायद्याने या तिन्हींहून वेगळा आहे, कारण त्यात शिक्षणाची जबाबदारी शाळेची नसून पालकांची असते. फुल टाइममध्ये मूल घरी बसून शिकत असले, तरी सरकारदरबारी ते होमस्कूलिंग नव्हे.

आमच्या मोठ्या मुलाने सहावी ते आठवी फुल टाइम केले आणि धाकटी सध्या शाळेत राहून फ्लेक्समध्ये एक विषय घेते, त्यामुळे दोन्हींबद्दल लिहू शकते. सहावीच्या मुलाचा दिवस असा जातो : प्रत्येक विषयाचे भाग पाडलेले असतात, कोणत्या आठवड्यात कुठवर पोहोचायचे त्याचा तक्ता आधीच मिळतो, आणि मूल धडा वाचून, चित्रफिती पाहून, गृहपाठ चढवत पुढे जाते. शिक्षक ठरावीक वेळांना थेट वर्ग घेतात, पण दिवसाचा बराचसा भाग मुलाने एकट्याने वाचण्यात आणि लिहिण्यात जातो. म्हणून ज्या मुलाला मजकूर वाचून त्यातले स्वतःचे स्वतः समजून घेण्याची सवय आहे, त्याला हे मानवते. ज्याला शेजारी कोणी समजावून सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, त्याची पहिल्या महिन्यापासून ओढाताण होते.

या शाळेतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे शिक्षकांबरोबरचा तोंडी संवाद, ज्याला तेथे डीबीए म्हणतात. एक भाग संपला की मुलाने शिक्षकांची वेळ घ्यायची आणि फोनवर त्या भागाबद्दल बोलायचे. आमच्या मुलाला गुणोत्तरावर शिक्षिकेने विचारले होते, की सरबतात दोन कप पाण्याला तीन कप रस लागत असेल तर पाच कप पाण्याला किती लागेल. त्याने साडेसात सांगितले. त्यावर त्या थांबल्या नाहीत. हे कसे काढलेस, दुसऱ्या कोणत्या रीतीने निघेल का, आणि पाण्यात व रसात प्रत्येकी एकेक कप वाढवला तर चव तशीच राहील का, असे एकामागून एक विचारत गेल्या. शेवटच्या प्रश्नावर तो अडखळला, मग स्वतःच आकडे मांडून चव बदलेल या निष्कर्षाला आला. वीस-पंचवीस मुलांच्या वर्गात एका मुलाला इतका वेळ क्वचितच मिळतो. गृहपाठ मुलाने स्वतः केला की कोणाकडून करून घेतला, हेही या संभाषणात लपत नाही. म्हणून त्या वेळी आईने शेजारी बसून उत्तरे सुचवू नयेत, अशी माझी कळकळीची सूचना आहे.

खेळांबद्दल तुम्ही विचारले नाही, पण सांगून ठेवते. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार फुल टाइमच्या विद्यार्थ्याला तुमच्या पत्त्यानुसार जी सरकारी शाळा लागते, तिच्या संघांतून खेळता येते. फक्त त्यासाठीची नोंदणी हंगामाआधी त्या शाळेत जाऊन करावी लागते. परीक्षा मात्र घरून होत नाहीत. वर्षअखेरीची राज्याची चाचणी, तसेच पुढे अल्जेब्रा आणि बायोलॉजीच्या एंड-ऑफ-कोर्स परीक्षा नेमून दिलेल्या केंद्रावर जाऊनच द्याव्या लागतात, आणि ते केंद्र घराजवळ असेलच असे नाही.

विनायक_पिट्सबर्ग

अनघाताईंनी सहावीच्या अंगाने लिहिले आहे. मी दुसरीच्या मुलाबद्दल लिहितो, कारण माझ्या मते मृदुलाताईंच्या घराची खरी कसोटी तेथे लागणार आहे.

आमच्या पेनसिल्व्हेनियात ऑनलाइन सरकारी शाळा म्हणजे सायबर चार्टर. चार्टर म्हणजे सरकारी पैशावर, पण स्वतंत्र मंडळाकडून चालवली जाणारी शाळा. २००२ च्या कायद्यानुसार राज्याचे शिक्षण खाते त्यांना मान्यता देते आणि त्यांचे पैसे तुम्ही ज्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये राहता त्याच्या तिजोरीतून जातात. पालकांना काही भरावे लागत नाही. संगणक, मॉनिटर, प्रिंटर आणि अभ्याससाहित्य शाळेने द्यायचे आणि इंटरनेटच्या खर्चाची भरपाईही करायची, असे कायद्यातच आहे. ऑगस्टमध्ये दारात खोकी येऊन पडतात. त्यांत वह्या-पुस्तकांबरोबर विज्ञानाच्या प्रयोगांसाठी भिंग, बिया, लोहचुंबक, मोजपात्रे असे सगळे असते. ही खोकी उघडून सामान लावणे हेच एका शनिवार-रविवारचे काम आहे, आणि वर्षअखेरीस त्यातले बरेच परत पाठवायचे असल्यामुळे मूळ खोकी जपून ठेवावी लागतात.

आता मुख्य मुद्दा. या शाळांमध्ये घरातील एका मोठ्या माणसाचे नाव लर्निंग कोच म्हणून नोंदवतात. हायस्कूलमध्ये त्या माणसाचे काम देखरेखीपुरते उरते, मिडल स्कूलमध्ये ते रोज तासा-दोन तासांचे असते, पण पहिली-दुसरीत तो माणूस जवळजवळ पूर्ण शालेय वेळ मुलाच्या शेजारी लागतो. आमच्या मुलीच्या दुसरीच्या वर्षी पत्नीचा दिवस कसा जायचा ते लिहितो, म्हणजे कल्पना येईल. थेट वर्ग सुरू होण्यापूर्वी पांढरी पाटी, मार्कर, त्या दिवसाची पाने आणि मोजणीचे ठोकळे हाताशी लावून ठेवायचे. वर्ग सुरू झाला की बाई म्हणतात, “पाटी कॅमेऱ्यासमोर धरा”; मुलगी ती उलटी धरते किंवा पुसून टाकते, मग तिला सावरायचे. तिची बोलण्याची पाळी आली की माईक चालू करायला सुचवायचे. वर्ग संपला की हाताने सोडवलेल्या पानाचे छायाचित्र काढून योग्य त्या जागी चढवायचे, वाचनाचा वेळ नोंदवायचा आणि हजेरी भरायची. सात वर्षांच्या मुलाला ही व्यवस्था एकट्याने सांभाळता येत नाही आणि तशी अपेक्षाही शाळा ठेवत नाही. त्या वेळात त्या माणसाला कार्यालयाची मीटिंग घेता येईल, हे मला शक्य वाटत नाही. तुम्ही अर्धवेळ काम करता तो वेळ दुपारनंतरचा असेल तर गोष्ट वेगळी. सकाळचा असेल, तर दुसरीतल्या मुलासाठी हा पर्याय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्पीच थेरपीची काळजी मात्र करू नका. शाळा सरकारी असल्यामुळे अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा केंद्रीय कायदा तिलाही लागू आहे आणि आयईपीमध्ये, म्हणजे अशा मुलासाठी शाळेने लेखी आखलेल्या वैयक्तिक शिक्षण योजनेत, लिहिलेली सेवा तिला द्यावीच लागते. बहुधा ती व्हिडिओवर दिली जाते. काही मुलांना व्हिडिओवर उत्तम जमते, काहींना अजिबात नाही. ओठांची आणि जिभेची हालचाल शिकवायची असते तेव्हा कॅमेऱ्याचा दर्जा आणि मुलाचे स्थिर बसणे यांवर बरेच अवलंबून असते. नाव घालण्याआधीच नव्या शाळेच्या विशेष शिक्षण विभागाशी बोला, सध्याच्या आयईपीची प्रत त्यांना पाठवा आणि आठवड्याला किती मिनिटे व कोणत्या पद्धतीने थेरपी मिळेल, ते लेखी घ्या.

हजेरीबद्दल लोकांचा समज फार सैल असतो. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा येथेही लागतो. पेनसिल्व्हेनियात सलग दहा शालेय दिवस विनाकारण गैरहजर राहिलेल्या मुलाचे नाव पटावरून काढले जाते, आणि विनापरवानगी गैरहजेरीसाठी ऑनलाइन शाळांच्या पालकांनाही नोटीस येते. दम्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी पूर्वीइतकीच लागेल. फायदा एवढाच, की किरकोळ त्रासाच्या दिवशी मुलगी अंथरुणात बसून वर्गाला हजर राहू शकेल. थंड हवेत बस थांब्यावर उभे राहणे टळेल. तुमच्या मुलीच्या बाबतीत हा फायदा मोठा आहे, हे मी मान्य करतो.

वैशाली_कोलंबस

मी ओहायोतील एका सरकारी शाळेत शिकवते आणि ऑनलाइन शाळांतून परत आलेली मुले दरवर्षी माझ्या वर्गात येतात, म्हणून माझी बाजू थोडी वेगळी आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांत जे लिहिले आहे ते ज्यांच्या घरी लक्ष देणारी माणसे आहेत अशा कुटुंबांचे चित्र आहे. सगळ्या मुलांचे मिळून चित्र काढले तर ते चांगले नाही, आणि निर्णय घेणाऱ्या पालकांना ते माहीत असायला हवे.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो या संस्थेने २०१५ साली १७ राज्यांतील आणि राजधानी वॉशिंग्टनमधील ऑनलाइन चार्टर शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या शाळांतील तशाच पार्श्वभूमीच्या मुलांशी तुलना करता ऑनलाइन मुलांची वर्षभराची प्रगती वाचनात ७२ दिवसांच्या शिक्षणाइतकी आणि गणितात १८० दिवसांच्या शिक्षणाइतकी कमी आढळली. शालेय वर्षच १८० दिवसांचे धरलेले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे गणिताच्या आकड्याचा अर्थ कळतो. त्याच वेळी मॅथमॅटिका या संशोधन संस्थेने दाखवले, की या शाळांतील मुलांना नेहमीच्या शाळेत एका दिवसात जेवढा वेळ शिक्षकांसमोर मिळतो, त्याहून कमी थेट अध्यापन आठवडाभरात मिळत होते. हे आकडे जुने आहेत आणि ते चार्टर शाळांचे आहेत. राज्याने स्वतः चालवलेल्या फ्लोरिडाच्या शाळेला ते जसेच्या तसे लावू नयेत. पण दोष कुठे असतो ते त्यांतून नेमके कळते : शिक्षक प्रत्यक्ष किती वेळ मुलासमोर असतो, हा प्रश्न सर्वांत आधी विचारायचा.

ओहायोचा अनुभव तर फार कडवट आहे. ईकॉट नावाची आमच्या राज्यातील प्रचंड मोठी ऑनलाइन शाळा २००० साली सुरू झाली होती. जितकी मुले पटावर दाखवून पैसे घेतले, तितक्या मुलांनी प्रत्यक्षात शिक्षण घेतल्याच्या नोंदी ती देऊ शकली नाही, असे राज्याच्या तपासणीत निघाले. राज्याने सुमारे ८ कोटी डॉलर परत मागितले आणि जानेवारी २०१८ मध्ये, भर वर्षात, शाळा बंद झाली. सुमारे १२,००० मुलांना ऐन मध्यावर दुसरी शाळा शोधावी लागली. त्यांपैकी काही आमच्याकडे आली. त्यांच्या कागदोपत्री नोंदी यायला लागलेला वेळ आणि तोवर त्यांना कोणत्या वर्गात बसवायचे याचा झालेला घोळ मी जवळून पाहिला आहे. त्यांत हुशार मुले होती; त्यांचे सहा-सहा महिने कोणाच्याही हिशेबात राहिले नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून शाळेला विचारायचे ते स्पष्ट विचारा. आठवड्यात थेट वर्ग किती तास असतात आणि ते सक्तीचे असतात की ऐच्छिक? एका शिक्षकाकडे किती मुले असतात? वर्षाच्या मध्यात शिक्षक बदलले जातात का? मूल मागे पडले तर पहिला फोन कोण करते आणि किती दिवसांत? प्रत्येक राज्याचे शिक्षण खाते शाळानिहाय निकाल प्रसिद्ध करते. त्यात शाळेच्या नावाने गणिताचे निकाल आणि हायस्कूल असल्यास डिप्लोमा मिळवणाऱ्यांचे प्रमाण स्वतः पाहा. चार्टर शाळा असेल, तर शाळेचे मंडळ कोणते आणि प्रत्यक्ष अभ्यासक्रम व व्यवस्थापन पुरवणारी कंपनी कोणती, हेही पाहा. देशभरातील अशा अनेक शाळा स्ट्राइड ही कंपनी चालवते, जिचे नाव २०२० पर्यंत के-ट्वेल्व होते, तर कनेक्शन्स अकॅडमीच्या शाळांमागे पिअर्सन आहे. खाजगी कंपनी असणे हा दोष नव्हे, परंतु तक्रार कोणाकडे न्यायची ते आधी माहीत असावे.

मृदुला_ओरलँडो

तिघांचेही मनापासून आभार. विनायकरावांनी दुसरीबद्दल जे लिहिले त्याने डोळे उघडले; माझे काम सकाळचेच असते. वैशालीताईंचे प्रश्न मी उतरवून घेतले आहेत. फक्त साताऱ्याबद्दल अजून कोणी लिहिले नाही. सासूबाईंच्या घरी इंटरनेट चांगले आहे, त्यामुळे तांत्रिक अडचण नसावी असे वाटते.

प्रशांत_फ्रीमाँट

मृदुलाताई, अडचण इंटरनेटची नाही, रहिवासाची आणि घड्याळाची आहे.

सरकारी शाळा त्या राज्याच्या रहिवाशांसाठी, त्यांच्या करांतून चालते. नाव घालताना भाडेकरार किंवा विजेचे बिल मागतात ते त्यासाठीच. थोड्या दिवसांचा प्रवास आणि राज्याबाहेर जाऊन राहणे या दोन गोष्टींमध्ये शाळा फरक करते, आणि अडीच महिने कोणत्या बाजूला मोजायचे हे शाळेने ठरवायचे असते. काही शाळा देशाबाहेरून प्रवेश तांत्रिकदृष्ट्याच रोखतात, कारण शाळेचा संगणक देशाबाहेर नेण्यास त्यांची मनाई असते. त्यामुळे कोणाला काही न सांगता जाऊन तिथून लॉगिन करायचे, असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. हजेरी नाकारली गेली तर मुलांची नावे पटावरून जातील, आणि दवाखान्याच्या धावपळीत तुम्हाला ते निस्तरावे लागेल. प्राचार्यांना प्रवासाच्या तारखा कळवून लेखी उत्तर मागवा.

वेळेचे गणितही मांडून पाहा. हिवाळ्यात ओरलँडो आणि सातारा यांत साडेदहा तासांचे अंतर असते. तिकडे सकाळी नऊचा वर्ग म्हणजे साताऱ्यात संध्याकाळचे साडेसात, आणि दुपारी एकचा वर्ग म्हणजे रात्रीचे साडेअकरा. सहावीतली मुलगी काही दिवस हे ओढेल. दुसरीतला मुलगा ओढणार नाही, आणि आजारी माणूस असलेल्या घरात रात्री बारापर्यंत मुलांचे वर्ग चालू ठेवणे कोणालाच सोसवणार नाही. फ्लेक्समधील विषयाला रोजचा ठरावीक तास नसतो हे खरे. पण तोंडी चाचणी शिक्षकांच्या वेळेतच द्यावी लागते, आणि परदेशातून विषय चालू ठेवण्याची परवानगी तेथेही विचारूनच घ्यायला हवी.

आमच्याकडे कॅलिफोर्नियात नेहमीच्या सरकारी शाळेतच इंडिपेंडंट स्टडीची सोय आहे. पालक, विद्यार्थी आणि शिक्षक लेखी करार करतात, शिक्षक त्या काळाचा अभ्यास काढून देतात, परत आल्यावर तो तपासला जातो आणि ते दिवस गैरहजेरीत धरले जात नाहीत. भारतवारीसाठी आमच्या भागातील कितीतरी कुटुंबे हाच मार्ग घेतात. वडिलांच्या आजारपणात आम्हीही तो घेतला होता. मुलगा पुण्यात सकाळी आजोबांच्या खोलीबाहेरच्या टेबलावर बसून गणिताची पाने सोडवायचा आणि दर शुक्रवारी आम्ही ती शिक्षकांना पाठवायचो. त्याला कोणत्याही वेळी पडद्यासमोर हजर राहायचे नव्हते, हे त्या दिवसांत फार सोयीचे पडले.

फ्लोरिडात माझ्या माहितीतील एका कुटुंबाने त्या काळापुरते होम एज्युकेशन निवडले. त्याची रीत कायद्यात स्पष्ट आहे : सुरू केल्यापासून ३० दिवसांच्या आत काउंटीच्या स्कूल सुपरिंटेंडंटना लेखी कळवायचे, मुलाने काय वाचले-लिहिले त्याची नोंदवही आणि नमुने ठेवायचे, आणि वर्षातून एकदा मूल्यमापन करून द्यायचे. परत आल्यावर ते बंद करत असल्याचेही ३० दिवसांत कळवायचे आणि शाळेत पुन्हा नाव घालायचे. मात्र शाळेतून नाव काढताच आयईपीखालची थेरपी थांबते, ही गोष्ट तुमच्या मुलाच्या बाबतीत विचारात घ्यावी लागेल. दोन-अडीच महिन्यांसाठी साताऱ्यात किंवा पुण्यात मराठी-इंग्रजी जाणणारा थेरपिस्ट शोधणे हा त्यावरचा तोडगा होऊ शकेल.

पुढेमागे कायमचे परतायचे झाले, तर कागद आतापासून जमवा. अमेरिकेतील शाळा आपल्याकडच्यासारखा शाळा सोडल्याचा दाखला आपणहून देत नाही. नाव काढल्याचे पत्र आणि ट्रान्सक्रिप्ट (विषय व गुणांची अधिकृत नोंद) मागून घ्यावे लागते. त्यावर शाळेची प्रत्यक्ष सही व शिक्का घ्या, मग नोटरी, आणि त्यानंतर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाकडून अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणीकरण. ऑनलाइन शाळेची कागदपत्रे नुसती पीडीएफ म्हणून येतात आणि भारतातील शाळा ती बघून शंका काढतात, असे आमच्या ओळखीच्या दोन घरांना अनुभवास आले. वरच्या वर्गांसाठी तर भारतातील शाळेला तिच्या बोर्डाकडून मान्यता घ्यावी लागते, तेव्हा ऑनलाइन पद्धतीचे शिक्षण चालेल का, हे त्या शाळेला आधीच विचारा.

अनघा_टॅम्पा

प्रशांतदादांशी सहमत आहे. एक व्यावहारिक गोष्ट राहिली. कोणतीही शाळा निवडा, फ्लोरिडातील शाळाप्रवेशासाठी लसीकरणाची नोंद डीएच ६८० या राज्याच्या नमुन्यात लागते. साताऱ्यात मुलांना एखादी लस दिली गेली, तर तिथल्या कार्डावर लसीचे नाव, तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का नीट घ्या. परत आल्यावर येथील डॉक्टर किंवा काउंटीचा आरोग्य विभाग ती नोंद त्या नमुन्यात उतरवून देतो. अस्पष्ट कार्डामुळे एका शेजाऱ्यांच्या मुलाला तीच लस पुन्हा घ्यावी लागली होती.

मृदुला_ओरलँडो

आज यजमानांबरोबर बसून सगळे प्रतिसाद वाचले. मुलाला सध्याच्या शाळेतच ठेवायचे, असे आम्ही ठरवले आहे. त्याची थेरपी आणि माझे सकाळचे काम या दोन्हींमुळे त्याच्यासाठी दुसरा मार्ग दिसत नाही. मुलीसाठी ऑरेंज काउंटीच्या व्हर्च्युअल शाळेला आणि फुल टाइमला, दोन्हीकडे, वैशालीताईंचे प्रश्न आणि प्रवासाच्या तारखा आजच ईमेलने पाठवल्या. शिवाय या उन्हाळ्यात तिला फ्लेक्समध्ये गणिताचा एक विषय देऊन पाहणार आहोत, म्हणजे एकटीने वाचून शिकणे आणि फोनवर बोलून समजावणे तिला कितपत जमते ते ऑगस्टपूर्वी कळेल. शाळांची उत्तरे आली की येथेच लिहीन.